उपडा ठेवलेला रोटर

मित्रांनो, मला फिरायची भीती वाटते, आणि सारा जन्म मी फिरण्यातच घालवला. माशाला पाण्याची भीती वाटावी तशी माझी गत. हसू आले तर खुशाल हसा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्या पाठीशी तो जन्मापासूनच होता, आणि तो खोटा नव्हता हे तुम्हांला शेवटी कळेल. आता मी अर्धाच उरलो आहे. प्रयोगशाळेतल्या बेसिनवरच्या फळीवर बसून मी हे सांगतो आहे.

मी एक जुना रोटर. धुलाईयंत्रात कपडे गरगर फिरतात आणि पाणी निथळून जाते, ते तुम्ही पाहिले असेल. तसेच एक यंत्र प्रयोगशाळेत असते, त्याला सेंट्रिफ्यूज म्हणतात. ते धुलाईयंत्राच्या कितीतरी पट वेगाने फिरते, आणि त्याच्या पोटात जो धातूचा जड गोळा फिरतो, तो मी. जात्याच्या तळीएवढा, अ‍ॅल्युमिनियमचा, वरून काळा कुळकुळीत. माझ्या अंगात गोल रांगेने तिरकी भोके आहेत. त्या भोकांत नळ्या ठेवायच्या, झाकण लावायचे आणि मला फिरवायचे. नळीतले जड असेल ते तळाशी बसते, हलके वर राहते. काम साधे आहे, पण त्या वेगात माझ्या अंगाचा कण न् कण बाहेर पळू बघतो. त्याला मी धरून ठेवायचे असते. मी धरले नाही तर काय होईल, हे मला फार लवकर कळले.

समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. आम्ही बरेच भाऊ एकाच धातूच्या लगडीतून घडलो. एके दिवशी दोन माणसे आली आणि आमच्यातल्या एकाला उचलून घेऊन गेली. अंगणात एक खोल खड्डा होता, त्याला जाड पोलादी भिंती होत्या. त्या खड्ड्यात त्याला फिरवायला सुरुवात झाली. वेग वाढवला, आणखी वाढवला, आणि तो तुटेपर्यंत वाढवत नेला. आम्हांला किती सोसते हे त्या माणसांना बघायचे होते. मांडणीवर बसल्याबसल्या तो आवाज आमच्या अंगातून गेला. आम्हां साऱ्यांचे धाबे दणाणले. नंतर त्यातला एक जण आमच्यावरून हात फिरवत म्हणाला, "चांगली जात आहे. नीट वापरली तर कधी दगा देणार नाही."

नीट वापरली तर. हे तीन शब्द घेऊन मी जहाजात चढलो.

मी आलो ते ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्सच्या पठारावरच्या एका गावाबाहेर. पत्र्याच्या छपराची बुटकी इमारत, मागे निलगिरीची झाडे, आणि सभोवार मेंढ्याच मेंढ्या. मेंढ्यांच्या रोगांवर काम करणारी ती प्रयोगशाळा. तिथल्या प्रमुख होत्या डॉक्टर एनिड कारमोडी. उंच, हडकुळ्या, कपाळावर कायम आठी. खोक्यातून मला बाहेर काढले ते त्यांनीच. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या प्रत्येक भोकात बोट घालून तळ चाचपला. मी भीतीने गार पडलो होतो, पण त्या बोटाने मला धीर आला.

बाईंचा एक नेम होता. माझे काम संपले की त्या मला स्वतः उचलायच्या, कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवायच्या, भोकाभोकांत मऊ फडके फिरवून पुसायच्या, आणि जाळीवर उपडे ठेवायच्या. उपडे ठेवले म्हणजे थेंबभर पाणी राहिले असेल तरी गळून जाते. समोरासमोरच्या नळ्या तराजूत घालून सारख्या केल्याशिवाय त्या मला कधीही फिरवत नसत. तिथला तंत्रज्ञ डेस प्रिंगल याला ते बघून गंमत वाटायची. डेसचे तोंड दिवसभर चालू असे.

"डॉक्टरबाई," तो एकदा म्हणाला, "घरची भांडी तरी एवढी पुसता का हो?"

"भांडं फुटलं तर चहा सांडतो, डेस," बाई फडके पिळत म्हणाल्या. "हा फुटला तर तू सांडशील."

डेस हसला. मी हसलो नाही. पण त्या बाईंच्या हाताखाली असेपर्यंत रात्री मला झोप लागायची.

आता माझ्या नळ्यांत काय असे ते सांगतो. मेंढीच्या खुराच्या बेचक्यात, जिथे वारा पोचत नाही, तिथे एक जंतू घर करतो. खूर कुरतडायला त्याला दात कुठले? तो एक प्रथिन बनवतो आणि बाहेर सोडतो. अशा कामकरी प्रथिनाला विकर म्हणतात, कुणी एन्झाइम म्हणतात. खूरही प्रथिनांचाच, लांबलचक साखळ्यांचा बनलेला असतो. हे विकर कात्रीसारखे त्या साखळ्या तोडत जाते. वरून खूर धड दिसतो आणि आतून सुटत चाललेला असतो. एके दिवशी मेंढी पुढचे गुडघे टेकून चरायला लागते, तेव्हा मालकाला कळते, आणि तोवर उशीर झालेला असतो.

त्यातही दोन जाती. एका जातीचे विकर तापवले की त्याची घडी उसकटते आणि कात्री बंद पडते. ती लागण थोडक्यात निभावते. दुसऱ्या जातीचे तापवले तरी कात्री चालूच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ती लागण शिरली तर कळप उभाच्या उभा काढून टाकावा लागतो, आणि शेजारचे लोक फाटक लावून घेतात. दोन्ही विकरे जवळजवळ सारखीच, साखळीतल्या थोड्याशा कड्यांचा काय तो फरक. तो फरक कुठे आहे हे शोधायचे तर आधी विकर स्वच्छ वेगळे काढायला हवे. जंतू वाढवायचे, मला फिरवून ते तळाशी बसवायचे, वरचे पाणी घ्यायचे. त्या पाण्यात अमोनियम सल्फेट घालायचे. शेतात खत म्हणून टाकतात तेच ते मीठ. ते घातले की दूध नासावे तसे पाणी गढूळ होते आणि प्रथिने गोळा होऊन येतात. मग मला पुन्हा फिरवायचे. हे सारे थंडीत आणि घाईत करावे लागते, कारण ते विकर उबेत राहिले तर स्वतःलाच कातरून खाते. आपलेच दात आणि आपलेच ओठ. म्हणून आमच्या यंत्राला आतून थंड ठेवायची सोय होती. घरच्या फ्रिजसारखी ती आत गारवा करायची आणि बाजूच्या जाळीतून गरम हवा बाहेर फेकायची. ही गरम हवा लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरूनच सगळे घडले.

विकर शोधायचे हे काम ब्रॉन्विन लाइसेट या मुलीकडे होते. सगळे तिला ब्रॉन म्हणत. लाल केस, मेंढीच्या वासाचा स्वेटर, आणि चेहऱ्यावर कायम काहीतरी विसरल्याची काळजी. खुरांचे तुकडे घेऊन ती फार्मांवरून हिंडायची, परत आल्याआल्या कामाला लागायची. तिला सगळ्या गोष्टींची धास्ती वाटे, आणि डेस त्यावरून तिला छळायचा. "ब्रॉन, तुझं चाललं तर तू मेंढीच्या खुराला नेलपॉलिशसुद्धा लावशील," असे तो म्हणाला की ती लाल व्हायची. मला ती पोर आवडे. भित्र्याला भित्रा कळतो.

एनिडबाई निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी मला पुसले, उपडे ठेवले, आणि फडके ब्रॉनच्या खांद्यावर टाकले. कुणीही भाषण केले नाही. मग दार लागले.

सुरुवातीला ब्रॉन सारे नेमाने करत असे. मग नोव्हेंबर आला, आणि त्यातला तो कपाचा मंगळवार. तिकडे मेलबर्नला चषकासाठी घोड्यांची मोठी शर्यत असते, तिलाच सगळे कप म्हणतात, आणि त्या दुपारी या देशात कुणाचेही हात कामावर राहत नाहीत. शाळेत गुरुजी रेडिओ लावतात, दुकानदार गल्ला सोडतो. आमच्याकडे कचेरीतली टंकलेखक मर्ल डोक्यावर पिसांची टोपी घालून आली होती. आधल्या कामाच्या मिठाच्या नळ्या माझ्यातून नुकत्याच निघाल्या होत्या. त्यातली एक नळी बुडाशी चिरलेली होती आणि तिच्यातले खारट पाणी माझ्या एका भोकात उतरले होते. ब्रॉनने ते पाहिले. ती मला बेसिनकडे उचलून घेऊन निघाली, एवढ्यात दारातून डेस ओरडला.

"ब्रॉन, घोडे फाटकात शिरले. तुझा तो काळा घोडा पण आहे. येतेस का भांडीच घासत बसतेस?"

"आलेच. एवढं धुऊन घेते."

"अगं, तो म्हातारा कुठे पळून जातोय? घोडे पळतायत."

तिने मला बेसिनच्या कडेला ठेवले, सरळच, उपडे नाही. "लगेच येते हं," ती म्हणाली, आणि धावली. शर्यत संपली, आरडाओरडा झाला, मर्लच्या टोपीचे पीस कुणाच्या तरी पेल्यात पडले. मग फोन आला की दूरच्या एका फार्मावर मेंढ्या गुडघ्यांवर चरताहेत. ब्रॉन पिशवी घेऊन तशीच गाडीत बसली. ती परत आली तेव्हा आठवडा लोटला होता. माझ्या भोकातले पाणी केव्हाच सुकले होते, आणि तळाशी पांढरे मीठ उरले होते. तिने मला घाईघाईने धुतले, पुसले, जाळीवर उपडेही ठेवले. मीठ गेले. पण मिठाने जे करायचे ते करून झाले होते. माझ्यावरचा काळा थर तेवढ्या जागी उडाला होता, आणि खाली धातूत एक बारीक खड्डा पडला होता. मसुरीच्या डाळीएवढा. बोट घातले असते तर लागला असता. बोट घालणाऱ्या बाई आता गावात टोमॅटो लावत होत्या.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी घाबरलो तो घाबरलोच. प्रत्येक वेळी मला फिरवले की त्या खड्ड्याच्या तळापासून एक केसासारखी चीर थोडी पुढे सरके. मी थांबलो की ती मिटून बसे. बाहेरून मी तसाच काळा कुळकुळीत. मी त्या मेंढ्यांसारखा झालो होतो, आणि गुडघे टेकून कुणाला दाखवायची सोय मला नव्हती. मला आवाज नाही. असता तर मी पहिल्याच दिवशी किंचाळलो असतो.

त्यातच हिवाळा आला. तिथला हिवाळा म्हणजे जूनपासून. सकाळी गवत पांढरे असते आणि नळाचे पाणी गोठते. त्या वर्षी इमारतीतला हीटर बिघडला. मग डेसला एक कल्पना सुचली. त्याने लाकडी बाक उचलून आणला आणि आमच्या यंत्राच्या कडेला, भिंतीच्या आणि गरम हवेच्या जाळीच्या मधे ठेवला. दहा वाजता चहाची सुट्टी व्हायची, तिला तिथे स्मोको म्हणतात. ती सुट्टी आता माझ्या शेजारी व्हायला लागली. बाईंच्या काळात यंत्राच्या खोलीत बिस्किटाचा तुकडा नेण्याची कुणाची छाती नव्हती. आता यंत्राच्या झाकणावर चहाचे मग, मर्लने घरून आणलेल्या लॅमिंग्टनचा डबा, आणि जाळीवर डेसचे ओले मोजे. लॅमिंग्टन म्हणजे चॉकलेटात बुडवून खोबऱ्यात घोळवलेला केक. सगळे जण पाय पसरून बसत, यंत्राला पाठ लावत, आणि आत मी फिरत असे.

माझ्या भीतीची तुम्हांला कल्पना यावी म्हणून सांगतो. माझ्यापासून डेसची पाठ वीतभर लांब असे. मधे यंत्राचा पत्रा आणि त्याच्या आतले जाड कडे. ते कडे जुने होते. कारखान्यातल्या खड्ड्याच्या पोलादी भिंती मला आठवत. मी रोज जीव मुठीत धरून फिरत होतो, आणि वर ही माणसे मेंढ्यांच्या आणि जावयांच्या गोष्टी सांगत हसत होती.

मग ती सकाळ आली. ब्रॉनने महिनाभर वाढवलेले जंतू त्या दिवशी कामाला काढले होते. दुसऱ्या जातीचे, तापवले तरी बंद न पडणाऱ्या विकराचे. तिला हवे होते ते सगळे माझ्या नळ्यांत होते. तिने नळ्या तराजूत घालून सारख्या केल्या, मला आत बसवले, आणि मी वेग घेतला. दहा वाजले. बाकावर मंडळी आली.

त्या दिवशी चीर थांबेना. वेगात पोचल्यावर ती एरवी एवढीशी सरकून गप्प बसे. आता ती सरकतच राहिली. माझे एक अंग किंचित फुगले, आणि मी डोलू लागलो. फार नाही, जरासा. यंत्राच्या झाकणावर ब्रॉनचा चहाचा मग होता. तिने बिस्कीट बुडवायला हात पुढे केला आणि तिथेच थांबली. चहावर बारीक लहरी उठत होत्या, सगळ्या एकाच बाजूने.

"डेस," ती म्हणाली, "यंत्र हलतंय का रे?"

डेसने पाठ आणखी घट्ट टेकवली. "थंडी वाजतेय म्हाताऱ्याला. माझा मोजा घाल त्याच्या डोक्यात."

"मस्करी नको. नेहमी असं हलत नाही ते."

"ब्रॉन, गेल्या आठवड्यात तुला हीटरमध्ये साप दिसला होता."

"तो पट्टा निघाला," मर्ल म्हणाली, आणि दोघेही हसले.

ब्रॉन हसली नाही. ती चहाकडे बघत होती. तिच्या मनात काय चालले होते ते मला दिसत होते. बंद केले तर महिन्याचे काम हातचे जाणार. थांबलेल्या नळ्यांतले विकर पुन्हा फिरवायला माझ्यासारखा दुसरा रोटर नव्हता, आणि विकर वाट बघत नाही, स्वतःलाच खाते. बंद केले आणि काहीच निघाले नाही, तर डेस वर्षभर तिला सुखाने जगू देणार नाही. चहावरच्या लहरी वाढल्या. तिचा हात हळूच पुढे आला आणि तिने लाल बटण दाबले.

"अगं, अजून वेळ होता ना?" डेस म्हणाला.

सगळ्यांना बाहेर पळा म्हणायचे तिच्या ओठांवर आले होते, ते मी पाहिले. ते शब्द तिने गिळले. त्या शब्दांवर कुणी उठणार नाही हे तिला ठाऊक होते. मग तिने जे केले ते आजही आठवले की माझ्या उरलेल्या अर्ध्या अंगावर काटा येतो. तिने लॅमिंग्टनचा डबा उचलला, काखोटीला मारला आणि दाराकडे चालू लागली.

"ए, डबा माझा आहे," मर्ल म्हणाली. "कुठे निघालीस?"

"बाहेर. ऊन पडलंय."

"ऊन? गवतावर बर्फ आहे, वेडे."

"मग बर्फात खाऊ," ब्रॉन म्हणाली. मर्ल कुरकुरत उठली. घरचा डबा परका झालेला कुणाला बघवतो? तीही बाहेर गेली.

राहिला डेस. एक मोजा पायात, एक जाळीवर. पाय पसरून तो म्हणाला, "मी नाही हलणार. इथे कुठे नव्हे ती ऊब आहे."

मी वेग कमी करत होतो. लोकांना वाटते की वेग उतरला की धोका टळला. तसे नसते. उतरताना एक घसरडी जागा येते, तिथे रोटर सर्वांत जास्त थरथरतो, आणि मी त्या जागेकडे चाललो होतो. चीर आता माझ्या अर्ध्या अंगात पोचली होती. डेसच्या पाठीचा दाब मला पत्र्यातून जाणवत होता. देवा, उठव त्याला, एवढेच माझ्या मनात होते.

दारातून ब्रॉनचा आवाज आला. "डेस, शेवटचे दोन उरलेत. तुझा वाटा मर्लच्या कुत्र्याला देऊ का?"

"त्या बोक्यासारख्या कुत्र्याला? खबरदार."

तो उठला. एका पायात मोजा, दुसरा पाय अनवाणी, थंड फरशीवर शिव्या देत तो दाराकडे निघाला. मित्रांनो, मी जन्मभर घाबरत आलो, पण त्या वेळी मी भ्यायचेही विसरलो. मी फक्त धरून राहिलो. कण न् कण धरला. तो माणूस उंबरठ्याबाहेर जाईपर्यंत, एवढेच. तो एकदा थांबला, त्याने मोज्याकडे वळून बघितले, विचार केला. मी धरून राहिलो. मग बाहेरून डब्याचे झाकण वाजले, आणि तो गेला.

मग माझ्याने धरवले नाही.

त्यानंतर काय झाले ते मी पूर्ण पाहिले नाही, कारण मी दोन ठिकाणी होतो. मोठा आवाज झाला. आतले जाड कडे फाटले, यंत्र जागेवरून उडाले आणि भिंतीवर जाऊन आदळले. भिंतीजवळ बाक होता. बाकाच्या फळ्यांच्या काटक्या झाल्या. झाकण छपराच्या पत्र्यात अडकले. नंतर कितीतरी वेळ छपरातून धूळ गळत राहिली.

डेस गप्प बसलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. ब्रॉन पांढऱ्या गवतावर बसून होती, मांडीवर डबा घट्ट धरून, आणि तिचे दात वाजत होते. बऱ्याच वेळाने डेस म्हणाला, "माझा मोजा आत आहे." मर्ल हसायला लागली आणि हसता हसता रडली. डेस ब्रॉनच्या शेजारी बर्फात बसला. त्याने तिचा हात हातात घेतला, आणि बराच वेळ सोडला नाही.

माझा अर्धा भाग ब्रॉनने ढिगाऱ्यातून काढला. तुटलेली कड नव्या चमच्यासारखी चकाकत होती, आणि त्या कडेत एका भोकाच्या तळापाशी तेवढा एक काळा जुना डाग होता. तिने त्याच्यावर बोट ठेवले. कपाचा मंगळवार तिला लगेच आठवला. "हे माझ्या हातून झालं," ती हळूच म्हणाली. डेस मागे उभा होता. तो म्हणाला, "बोलावलं कुणी होतं?"

गावातून एनिडबाई आल्या. हातांना बागेची माती लागलेली होती, ती त्यांनी आधी धुतली. मग मला उचलले, उलटेपालटे करून पाहिले, त्या डागावरून बोट फिरवले. त्या रागावतील असे मला वाटले होते. त्यांनी खुंटीवरचे फडके घेतले आणि मला पुसले. मी कोरडाच होतो. तरी त्यांनी उरलेल्या प्रत्येक भोकात फडके फिरवले, आणि बेसिनवरच्या फळीवर मला उपडे ठेवून दिले. तेव्हापासून मी इथेच आहे.

आता यंत्र नवे आहे, रोटरही नवा आहे. त्याला फिरवायला लागले की माझ्या अंगात अजून कापरे भरते. ब्रॉनने नव्याने जंतू वाढवले आणि तिचे विकर अखेर तिला स्वच्छ मिळाले. साखळीतली कोणती कडी वेगळी आहे, ते ती अजून शोधते आहे. बाक पुन्हा कुणीही त्या खोलीत नेला नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखे कुणीतरी असेल. कुणी पाणी चढवत असेल, कुणी दळत असेल, कुणी भार उचलत असेल. ते बोलत नाही, म्हणजे त्याला काही होत नाही असे समजू नका. काम झाले की त्याला पुसा, त्याच्या अंगावरून हात फिरवा, तळाशी बोट घालून बघा. घाईत असाल तेव्हा तर नक्की बघा.

काल पुन्हा कपाचा मंगळवार होता. मर्लने तीच पिसांची टोपी घातली होती. नव्या रोटरचे काम नुकतेच संपले होते आणि ब्रॉन त्याला घेऊन माझ्यासमोर बेसिनपाशी उभी होती. कचेरीत रेडिओचा आवाज चढत गेला. डेस दारात आला. त्याने तोंड उघडले, फळीवर माझ्याकडे पाहिले आणि तोंड मिटून घेतले. आत येऊन त्याने खुंटीवरचे दुसरे फडके काढले.

घोडे सुटले. दोघे जण पुसत होते.